चार्टमास्तरांची पदवी आणि माझा डावा कान

पहिलं सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला 'बिचारी' म्हणायला नको. माझा डावा कान बहिरा आहे. थोडाथोडका नाही, ठार. लहानपणी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. उजवा मात्र असा आहे की भिंतीपलीकडची शेजारीण फोनवर कोणाची उणीदुणी काढतेय ते मी भांडी घासता घासता सांगू शकते. एका कानावर माझं बावन्न वर्षं नीट चाललंय, आणि दोन कानवाले काय दिवे लावतात तेही मी रोज बघते.

मी हॉस्पिटलच्या धुलाईत आहे. तळघर. वरच्या सहा मजल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे कपडे सगळं पिशव्या भरभरून खाली येतं. निवडायचं, धुवायचं, पिळायचं आणि मग रोलरवर घ्यायचं. रोलर म्हणजे खोलीएवढं इस्त्रीचं यंत्र. पुढून दोघींनी ओली चादर ताणून आत द्यायची, मागून दोघींनी कोरडी ओढून घ्यायची. देणाऱ्या दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. चादर गोळा व्हायला लागली, बोट आत जायला लागलं, की जिला दिसेल तिने ओरडायचं, 'थांब!' आणि दुसरीने पुढची दांडी गुडघ्याने दाबून यंत्र थांबवायचं. बस. सगळं शास्त्र एवढंच, पण हात वाचतात.

आता नियम असा की यंत्रावर उभं राहणाऱ्याचे दोन्ही कान शाबूत पाहिजेत. आणि धुलाईत रोलर सोडून मला दुसरं काम नाही. निवडायचं आणि घड्या घालायचं काम कधीच कंत्राटदाराकडे गेलं. म्हणजे रोलरवरून उतरले की सरळ घरी. घरी काय, तर अंथरुणाला खिळलेली सासू आणि मी. तुम्ही म्हणाल, 'अहो पण धोका आहे ना?' त्या यंत्रापुढे अठरा वर्षं उभी आहे मी, माझी दहाही बोटं जागेवर आहेत. धोका मला शिकवू नका.

वर्षातून एकदा तपासणी होते. नर्स विचारते, "काही तक्रार?" मी म्हणते, "तुमच्या कॅन्टीनच्या जेवणाला चव नाही." ती हसते, शिक्का मारते. झाली तपासणी.

माझ्या कानाचं एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. धुलाईचा कारकून, त्याला आम्ही चार्टमास्तर म्हणतो.

नाव पडलं ते ड्युटीच्या चार्टवरून. चौकटीची वही, पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन हा माणूस दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा चार्ट आखायचा. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला मंगळवारी मुलीला दवाखान्यात न्यायचं असतं, सगळं त्याच्या डोक्यात. विचारायचा नाही, बोलायचा नाही. तुम्ही सोमवारी येऊन बघावं तर तुमचं नाव बरोबर त्याच चौकटीत, जिथे तुम्हाला हवं होतं. एरवी माणूस म्हणजे शुद्ध ठोकळा. आभार मानायला जावं तर म्हणायचा, "बघा, वॉशर नंबर तीन गळतोय."

माझा पहिला दिवस. मला रोलरच्या उजव्या टोकाला उभं केलं होतं, डावीकडे काठी. काठी म्हणजे माझी जोडीदारीण, उंच, सडपातळ, आवाज फाटका. ती ओरडली, 'थांब!' मला ऐकूच आलं नाही. ती परत ओरडली, तेव्हा तिचा कोपर लागला म्हणून मी थांबले. म्हटलं संपलं, पहिल्याच दिवशी घरी. चार्टमास्तर वही घेऊन मागे उभा. जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, तुम्ही त्या टोकाला उभ्या राहा. इथे वाफ लागते."

वाफ कुठल्याच टोकाला लागत नाही. वाफ सरळ वर जाते, छताला. पण मी डाव्या टोकाला गेले, काठी माझ्या उजवीकडे आली, आणि त्या दिवसापासून माझं नाव डाव्या चौकटीत. अठरा वर्षं. काठी आजारी पडली, तिच्या जागी दुसऱ्या आल्या, तरी माझी चौकट हलली नाही. आम्ही त्यावर कधी अवाक्षर बोललो नाही. मला वाटायचं, हा ठोकळा आहे तो बराच आहे.

मग आमचे जुने विभागप्रमुख निवृत्त झाले आणि चार्टमास्तरला 'प्रभारी' केलं. तीन वर्षं प्रभारी. काम प्रमुखाचं, खुर्ची स्टुलाची. नंतर वरून कागद आला: प्रमुख व्हायचं तर नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी पाहिजे. चादरी धुवायला! बरं, पदवी कुठून आणायची तेही त्यांनीच ठरवून ठेवलेलं. कुठल्याशा संस्थेचा अभ्यासक्रम, खास नोकरी करणाऱ्यांसाठी. वर्ग नाहीत, वेळेचं बंधन नाही, तुमच्या सवडीने, तुमच्या गतीने, एकदम लवचिक. प्रत्येकाला ऑफिसातलाच एक मार्गदर्शक. याच्या वाट्याला कर्मचारी विभागाच्या मॅडम आल्या. एक्कावन्नाव्या वर्षी आमचा मास्तर विद्यार्थी झाला.

लवचिक म्हणजे काय ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. लवचिक म्हणजे जेवणाच्या सुट्टीत हा कोरड्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यांवर बसून, मांडीवर डबा, कानात वायर, मोबाईलवर दीडपट वेगाने भाषण ऐकायचा. भाषण देणारा माणूस मी एकदा डोकावून बघितला. गुळगुळीत चेहरा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हात असे हलवत होता जणू डास मारतोय. तो म्हणत होता, नेता आधी ऐकतो. आणि आमचा मास्तर इतका तल्लीन होऊन ऐकत होता की वॉशर नंबर तीनचं पाणी त्याच्या बुटापर्यंत आलं.

महिन्याभरात यानेही बाह्या दुमडल्या. धुलाईत बाह्या दुमडत नाहीत, हे पहिल्या दिवशी शिकवतात, हाच शिकवतो. पण पडद्यावरच्या माणसाने दुमडल्या ना! आठवड्यात रोलरच्या कडेला हात लागला आणि मनगटाच्या वर हा एवढा लालभडक पट्टा उठला. मलम लावून परत दुमडल्या. अक्कल गहाण टाकली की व्याजात कातडी जाते, दुसरं काय.

मग आमचे हाल सुरू झाले. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं. का, तर 'हडल'. एकेकीला विचारायचं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" काठी म्हणाली, "पाय दुखतायत." हा म्हणाला, "छान! शेअर केल्याबद्दल धन्यवाद." काठी माझ्याकडे बघायला लागली. मला विचारलं, "बाई, तुमची व्हिजन काय?"

मी म्हटलं, "साडेतीनला घरी जायचं."

"नाही, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"पाच वर्षांनी पण साडेतीनलाच."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं हो! ज्या वहीत आमचे गुडघे आणि आमची मुलं सांभाळली, त्याच वहीच्या मागच्या पानावर हा असला कचरा भरत होता. एकदा त्याची बायको त्याचा विसरलेला डबा द्यायला आली. शाळेत शिक्षिका आहे, शहाणी बाई. मी विचारलं, "घरी पण असंच का?" ती म्हणाली, "घरी विचारतात, या आठवड्यात कुटुंब म्हणून आपण काय शिकलो. मी म्हटलं, कचरा खाली कोणी न्यायचा ते शिकायचं राहिलंय." मला ती फार आवडली.

पण एवढं करून मार्क काही पडेनात. पहिल्या निबंधाला शंभरात एकेचाळीस, दुसऱ्याला अडतीस. शेरा दोन्हीकडे एकच: तुमचा स्वतःचा अनुभव दिसत नाही. दिसणार कुठून? बाह्यावाल्याचीच वाक्यं उलटीपालटी करून लिहीत होता. तिसरा निबंध शेवटचा. विषय, 'माझ्या आयुष्यातला नेतृत्वाचा खरा क्षण.' खाली सही करून द्यायची की घटना सत्य आहे. यात पास झाला तर पदवी आणि प्रमुखाची खुर्ची. नापास झाला तर निवृत्तीपर्यंत स्टूल.

आता या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखं होतं काय? वॉशर नंबर तीन. आणि मी.

हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की एक दिवस स्वारी हवेत चाललीय. निबंधाला त्र्याण्णव मार्क! काठीने विचारलं, "काय लिहिलंत एवढं?" तर मान खाली घालून म्हणाला, "असंच, जुनं काहीतरी," आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तिथेच मला वास यायला हवा होता.

चार दिवसांनी वरून निरोप आला. मॅडमनी बोलावलंय, मला आणि चार्टमास्तरला. अकरा वाजता, तिसरा मजला. जिन्यात मी विचारलं, "कशाला बोलावलंय?" मास्तरचा चेहरा पिळून काढलेल्या चादरीसारखा. दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि कठड्याला धरून म्हणाला, "बाई, मी नाव नाही लिहिलं. 'अ' लिहिलं."

"काय 'अ'?"

"निबंधात. 'अ' बाई. डावा कान. रोलरच्या डाव्या टोकाला अठरा वर्षं."

दोन पायऱ्या चढेपर्यंत मला काही कळलं नाही. मग समजलं. आमच्या पाळीत पुढे उभ्या राहणाऱ्या बायका दोन, टोकं दोन, डाव्या टोकाला अठरा वर्षं उभी असलेली बाई एक, आणि या दीडशहाण्याने तिचं नाव 'अ' ठेवून ती लपवली!

"आणि ते मॅडमकडे जातं, हे ठाऊक नव्हतं तुम्हाला? त्या तुमच्या मार्गदर्शक ना?"

"जातं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, वाचणार कोण?"

आणि हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. कारण एकतीस वर्षं हा माणूस वरती कागद पाठवत होता. वॉशर नंबर तीनबद्दलच बावीस अर्ज. एकही कोणी वाचला नाही. वरती गेलेला कागद कोणी वाचत नाही, यावर त्याची श्रद्धा होती. आयुष्यात पहिल्यांदा मन लावून चांगलं लिहिलं, म्हणून पहिल्यांदा कोणीतरी वाचलं.

मला काय वाटलं सांगू? राग आला म्हणणं फार कमी झालं. नोकरी जाणार, सासूचं कोण करणार हे डोळ्यांपुढे आलं, ते तर होतंच. पण त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. अठरा वर्षं मी समजत होते की या जगात एक माणूस असा आहे ज्याने माझं भलं केलं आणि बोलून दाखवलं नाही. तेवढं एक माझ्याजवळ होतं. ते त्याने मार्कांसाठी दोन हजार शब्दांत लिहून टाकलं. मला रडू आलं, आणि याच्यासमोर रडू आलं म्हणून आणखी संताप आला. "नेते," मी म्हटलं, "चला वर. आज तुमची व्हिजन बघू."

मॅडमच्या खोलीत गोल टेबल, भोवती खुर्च्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. मॅडम हळू बोलणाऱ्या. मोठ्या पगाराची माणसं हळूच बोलतात, ऐकायचं काम दुसऱ्याचं असतं. मी जी खुर्ची धरली तिच्या बरोबर डावीकडे मॅडम येऊन बसल्या. बसता बसताच त्यांनी काहीतरी विचारलं. त्यांचे ओठ हलले एवढं मला दिसलं. मी नुसती हसले.

तेवढ्यात चार्टमास्तर म्हणाला, "बाई, तुम्ही या खुर्चीवर बसा. तिथे एसीची हवा अंगावर येते."

मी उठले. त्याने दाखवलेल्या खुर्चीवर बसले. मॅडम आता माझ्या उजवीकडे. एसी समोरच्या भिंतीवर होता, बंद.

मॅडमनी कागद उघडला. "तुम्हाला ऐकायला काही त्रास?" अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं, मुद्दाम असणार.

"छे," मी म्हटलं. "बाहेर तुमचा शिपाई कोणालातरी फोनवर कपड्याचं माप सांगतोय, तेही ऐकू येतंय."

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर शिपाई खरंच बाहीची लांबी सांगत होता. मग त्या मास्तरकडे वळल्या. "तुम्ही फार सुंदर लिहिलंय. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण हे खरं असेल तर मला या बाईंना आजच यंत्रावरून काढावं लागेल. आणि खरं नसेल तर तुम्ही खाली सही केलीय. मला संस्थेला कळवावं लागेल. तर ही घटना खरी आहे का?"

खोटं कशाला बोलू, मी त्या क्षणी माझा हिशोब संपवला होता. हा खुर्ची घेणार. तीन वर्षं स्टुलावर बसलाय, दोन वर्षं अभ्र्यांवर बसून डोकं फोडलंय, त्र्याण्णव मार्क हातात आहेत. आता म्हणेल, 'मॅडम, यावर आपण सर्वांनी मिळून मार्ग काढू,' आणि मला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवेल. फोटोसकट. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. प्लॅस्टिकच्या झाडावर धूळ किती आहे ते बघत बसले.

"रचलंय," तो म्हणाला.

"काय?"

"सगळं मनाचं लिहिलंय, मॅडम. असं काही झालं नाही. मार्क पडत नव्हते."

मॅडमनी त्याच्या सहीवर बोट ठेवलं. "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय."

मॅडमना खरं काय ते कळलं असेल का? मला वाटतं, कळलं. पण माझा कान तपासायला पाठवायचा म्हणजे अठरा वर्षं शिक्के कोणी मारले ही चौकशी आली, आणि ती फिरून त्यांच्याच टेबलावर आली असती. खोटारडा कारकून त्यांना स्वस्तात पडला. कागद मिटला, आम्ही खाली आलो.

संस्थेने नाव काढून टाकलं. पत्रात लिहिलं होतं, प्रामाणिकपणा हा नेतृत्वाचा पाया आहे. हसावं की काय करावं! दोन वर्षांत एकदा त्या माणसाच्या हातून नेत्याचं काम झालं, आणि तेवढ्याचसाठी त्याला हाकललं. महिनाभरात प्रमुख म्हणून एक तिशीची पोरगी आली, दोन पदव्या घेऊन. पहिल्या दिवशी तिने रोलरकडे बोट दाखवून विचारलं, "हे चालू असताना गरम असतं का?"

मी त्याला क्षमा वगैरे केली नाही. मूर्खपणा तो मूर्खपणाच. आपण खड्डा खणायचा, मग त्यात उडी मारून दुसऱ्याला वर ढकलायचं, याला मी तरी मोठेपणा म्हणत नाही. महिनाभर त्याच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. तोही चार्ट भिंतीला लावून निघून जायचा. माझं नाव डाव्या चौकटीत.

मग एका सकाळी पाळी सुरू व्हायच्या जरा आधी, रोलर तापत होता, काठी अजून आली नव्हती. मी चादरींचे कोपरे सोडवत होते. बाजूला सावली पडली म्हणून बघितलं, तर चार्टमास्तर. माझ्या डाव्या खांद्याशी उभा, रोलरकडे तोंड करून. त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

अठरा वर्षं ज्याला ठाऊक आहे, तो माणूस चुकून डावीकडे येत नाही.

बोलून झालं तशी त्याने वही काखेत मारली आणि निघाला. सुटल्यासारखा चेहरा. म्हटलं, वा रे पठ्ठ्या! एवढ्यावर भागवतोस होय?

"मास्तर," मी हाक मारली. "इकडून या. उजवीकडून. आणि पहिल्यापासून बोला."

तो पूर्ण रोलरला वळसा घालून, मागच्या बाजूने, पिशव्यांच्या गाड्या सरकवत सरकवत माझ्या उजवीकडे आला. काठीच्या जागेवर उभा राहिला. एवढं सगळं बोलून झालेलं होतं, त्यातलं आता काहीच उरलं नव्हतं वाटतं.

"चुकलो, बाई," तो म्हणाला.

मी चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. रोलर तापला होता.

"आधी बाह्या खाली करा," मी म्हटलं.